हात शाबूत, तर ठोसा मजबूत

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. आमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा १९ वर्षांचा. दिवसा पॅकिंगच्या कारखान्यात रोजंदारीवर काम करायचे आणि संध्याकाळी कॉलेज गाठायचे, असा त्याचा दिनक्रम. वस्तीतल्या चार पोरांनी वर्गणी काढून व्यायामशाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक पंचिंग बॅग टांगली आणि आमच्या भाच्याच्या मनाने घेतले की आपण बॉक्सिंग शिकायचे. आम्हाला आनंदच झाला. नाक्यावर उभे राहून वेळ घालवण्यापेक्षा पोरगा घाम गाळतो आहे, यापेक्षा मामाला आणखी काय हवे? आम्ही खिशातून पाचशेची नोट काढली आणि त्याच्याबरोबर बाजारात गेलो.

दुकानात लाल रंगाचे, चकाकणारे ग्लोव्हज टांगलेले होते. दुकानदार म्हणाला, "एकदम फर्स्ट क्लास माल आहे." आम्ही रंग पाहिला, भाव पाहिला आणि घेऊन टाकले. भाच्याने हळूच विचारले, "मामा, आतून हाताला गुंडाळायच्या पट्ट्या असतात म्हणे." आम्ही शहाणपणाने उत्तर दिले, "ग्लोव्ह आहे ना, मग पट्टी कशाला?"

तिसऱ्या आठवड्यात एका रात्री तो घरी आला तो उजवा हात छातीशी धरून. करंगळीची बाजू सुजून टम्म झाली होती. "मामा, मूठ मिटत नाही," एवढेच म्हणाला. दवाखान्यात फोटो काढला, तेव्हा करंगळीच्या मागे तळहातात जे लांब हाड असते, त्याला तडा गेल्याचे दिसले. चार आठवडे हात बांधून ठेवावा लागला. रोजंदारीच्या माणसाला आजारपणाची रजा नसते. काम बंद म्हणजे पैसे बंद. बहीण आमच्यावर रागावली नाही, पण एकदा चहा देताना म्हणाली, "दादा, पाचशेचे ग्लोव्हज आपल्याला महिन्याच्या पगाराला पडले बघ."

ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. आपल्या घरांतील बहुतेकांचे पोट हातावर आहे. हात हेच आपले भांडवल. म्हणून आम्ही नंतर दोन-तीन जाणत्या प्रशिक्षकांकडे बसलो, दुकाने पालथी घातली आणि जे आधी समजून घ्यायला हवे होते ते उशिरा का होईना समजून घेतले. ज्या घरात मुलगा किंवा मुलगी बॉक्सिंग शिकू म्हणत असेल, त्या घराला आमच्या चुकीचा उपयोग व्हावा, म्हणून हे लिहीत आहोत.

ग्लोव्ह कोणाला वाचवतो?

आमच्यासारख्या पुष्कळांचा समज असा, की ग्लोव्ह समोरच्याला लागू नये म्हणून घालतात. ही अर्धीच गोष्ट आहे. ग्लोव्ह आधी वाचवतो तो मारणाऱ्याचा हात. माणसाच्या एका हातात २७ हाडे असतात, आणि त्यातली बरीचशी बारीक आहेत. भाकरी थापायला, सुई ओवायला, पाना फिरवायला हा हात उत्तम. पण तीस-चाळीस किलोच्या लोंबत्या वजनावर शेकडो वेळा आपटण्यासाठी तो घडलेला नाही.

ग्लोव्हजचा इतिहासही हेच सांगतो. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॅक ब्रॉटन नावाचा नामांकित मुष्टियोद्धा होऊन गेला. १७४३ मध्ये त्याने या खेळाचे पहिले लेखी नियम केले. त्या काळी लढती उघड्या मुठींनीच होत. पण शिकायला येणाऱ्यांसाठी त्याने मऊ भरलेले हातमोजे वापरात आणले. म्हणजे ग्लोव्ह जन्माला आला तो सरावासाठी, नवशिक्यांसाठी. लढतीत ग्लोव्हज घालण्याचा नियम पुढे १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी केला.

भाच्याला झाली तशा दुखापतीला डॉक्टर 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात. नाव बॉक्सरचे असले तरी ती जास्त होते ती नवख्यांना. ठोसा तर्जनी आणि मधले बोट यांच्या मागच्या दोन उंचवट्यांवर बसला पाहिजे. शिकलेला बॉक्सर तसाच मारतो. नवखा हात फिरवून मारतो, मग सारा भार करंगळीच्या नाजूक हाडावर येतो. त्यात ग्लोव्ह पातळ आणि आत पट्टी नाही, म्हणजे हाडाला कोणी वालीच उरत नाही.

आधी पट्टी, मग ग्लोव्ह

आम्ही ज्या ज्या प्रशिक्षकाला विचारले, त्याने पहिली गोष्ट हीच सांगितली: पैसे कमी असतील तर आधी पट्ट्या घ्या, ग्लोव्हज नंतर. व्यायामशाळेत दुसऱ्याचे ग्लोव्हज थोडे दिवस वापरता येतील, पण पट्टी आपली स्वतःची हवी. तालमीतली पोरे तिला बँडेज म्हणतात. सुती किंवा किंचित ताणली जाणारी, साधारण ५ सेंटिमीटर रुंदीची ही पट्टी मोठ्या माणसाला साडेचार मीटर लांबीची लागते. लहान मुलांना अडीच-तीन मीटर पुरते. दोन हातांच्या दोन पट्ट्या दोनशे-तीनशे रुपयांत मिळून जातात.

ग्लोव्ह बाहेरचा मार झेलतो; पट्टी आतली बारीक हाडे एकत्र बांधून ठेवते आणि मनगट मुरगळू देत नाही. दोघांची कामे वेगळी आहेत. म्हणून एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

बांधण्याची रीत अशी. पट्टीच्या टोकाला फास असतो, तो अंगठ्यात अडकवावा. बोटे फाकवून ठेवावीत. पट्टी हाताच्या पाठीवरून मनगटाकडे न्यावी आणि मनगटाभोवती तीन वेढे द्यावेत. तिथून वर येऊन बोटांच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यांभोवती तीन वेढे. मग करंगळी आणि अनामिका यांच्या मधून, अनामिका आणि मधले बोट यांच्या मधून, मधले बोट आणि तर्जनी यांच्या मधून अशी एकेकदा पट्टी घालून दर वेळी अंगठ्याच्या मुळाकडे आणावी. अंगठ्याला एक वेढा. उरलेली पट्टी पुन्हा उंचवट्यांवरून आणि शेवटी मनगटावर संपवावी. हात उघडा असताना पट्टी सैलसर आणि मूठ वळली की घट्ट वाटली, तर बरोबर बांधली. बोटांना मुंग्या आल्या किंवा ती पांढरी पडली, तर सोडून पुन्हा बांधावी. पहिले आठ दिवस हे काम कंटाळवाणे वाटते. नंतर बोलता बोलता होऊन जाते.

औंसाचे गणित

ग्लोव्हजवर ८, १०, १२, १४, १६ असे आकडे असतात. आम्ही ते चपलेच्या नंबरासारखे समजलो होतो. प्रत्यक्षात तो एका ग्लोव्हचे वजन असते, तेही औंसात. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. म्हणजे १० औंसांचा ग्लोव्ह सुमारे २८४ ग्रॅम, १२ औंसांचा ३४०, १४ औंसांचा ३९७ आणि १६ औंसांचा ४५४ ग्रॅम. वजन जास्त म्हणजे बहुधा आतला भराव जास्त.

स्पर्धेत हलके ग्लोव्हज दिसतात, कारण तिथे वेग हवा असतो आणि लढत काही मिनिटांची असते. टीव्हीवर पाहून आपला मुलगा ८ किंवा १० औंसांचे मागेल. त्याचे ऐकू नये. जड बॅगवर सराव करणाऱ्या नवशिक्याला भराव हवा. ढोबळ हिशोब असा धरावा: शरीराचे वजन ५० किलोच्या आत असेल तर १० औंस, ५० ते ६५ किलोला १२, त्याच्या वर १४, आणि ८० किलोच्या पुढे १६. दोन आकड्यांमध्ये मन अडकले तर वरचा घ्यावा. दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना ६ किंवा ८ औंसांचे छोट्या हाताचे ग्लोव्हज मिळतात. मोठ्या भावाचे ढगळ ग्लोव्हज त्यांना घालू नयेत.

आणखी एक युक्ती. ग्लोव्हवर लिहिलेला आकडा खरा आहे का, हे वाण्याच्या काट्यावर कळते. आमच्या त्या लाल ग्लोव्हजवर १२ लिहिले होते. नंतर सहज वजन केले, तर एक ग्लोव्ह २५० ग्रॅमसुद्धा भरला नाही. भराव नव्हताच, वरची चकाकी तेवढी होती.

दुकानात लाजू नका

कपडा घेताना आपल्या घरच्या बायका पोत चोळून पाहतात, उजेडात धरून पाहतात. ग्लोव्हज घेतानाही तसेच करावे. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

घरून पट्ट्या घेऊन जाव्यात आणि हाताला बांधून मगच ग्लोव्ह घालून पाहावा. रिकाम्या हाताला जो बरोबर बसतो, तो पट्टी बांधल्यावर आवळतो. बोटांची टोके आतून वरच्या टोकाला जेमतेम टेकली पाहिजेत. बोटे दुमडावी लागली तर ग्लोव्ह लहान, आणि आत हात खेळत राहिला तर मोठा. मूठ सहज, पूर्ण वळली पाहिजे. ती वळवण्यासाठी जोर लागत असेल तर दोन मिनिटांत हात भरून येईल.

मग उंचवट्यांच्या जागी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जोरात दाबून पाहावे. आतले हाड अंगठ्याला जाणवले तर तो ग्लोव्ह तिथेच ठेवून द्यावा. भराव दाबल्यावर हळूहळू पूर्ववत आला पाहिजे. अंगठ्याचा भाग ग्लोव्हला शिवून जोडलेला असावा, म्हणजे अंगठा बाहेर मुरगळत नाही. मनगटाचा पट्टा रुंद असावा आणि तो लावल्यावर मनगट पुढे-मागे सहज वाकू नये. शिवण आतून बोट फिरवून तपासावी. सुटलेला धागा किंवा टोचणारी कड पहिल्याच आठवड्यात कातडी सोलते.

बांधण्यासाठी दोरीचे आणि चिकटपट्टीचे असे दोन प्रकार आहेत. दोरीचा ग्लोव्ह मनगटाला उत्तम बसतो, पण तो बांधायला दुसरा माणूस लागतो. एकट्याने सराव करणाऱ्याने चिकटपट्टीचाच, म्हणजे वेल्क्रोचा घ्यावा.

काही दुकानांत 'बॅग ग्लोव्हज' म्हणून बोटे उघडी असलेले किंवा अगदी पातळ, छोटे ग्लोव्हज दाखवतात. ते स्वस्त असतात आणि नावही बॅगचेच असते, त्यामुळे नवखा फसतो. मूठ आणि मनगट पक्के झालेल्यांसाठी ते ठीक. नवशिक्याने सरावाचे, भरपूर भराव असलेले बंद ग्लोव्हज घ्यावेत.

चामडे की रेक्झिन?

चामड्याचे ग्लोव्हज जास्त टिकतात आणि हळूहळू हाताला जुळत जातात, पण महाग पडतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस सराव करणाऱ्या नवशिक्याला रेक्झिनचे चालतात. आम्ही नंतर फिरलो तेव्हा बरे रेक्झिनचे ग्लोव्हज हजार ते दोन हजारांच्या दरम्यान दिसले. मूल वर्षभर टिकले, की मग चामड्याचा विचार करावा. पहिल्या दिवशीच महागडे घेऊन ते खिळ्यावर लोंबकळत ठेवण्यात अर्थ नाही.

आणि नावाला भुलू नये. आपल्या देशात क्रीडासाहित्य बनवणारी जालंधर आणि मीरत ही दोन मोठी केंद्रे आहेत. हा धंदा तिथे वाढला तो फाळणीनंतर सियालकोटहून उठून आलेल्या कारागिरांमुळे आणि व्यापाऱ्यांमुळे. जालंधरला आलेल्या त्या कारागिरांत मेघ समाजातील, म्हणजे एके काळी अस्पृश्य ठरवलेले, कष्टकरी पुष्कळ होते. बॅट, बॉल आणि ग्लोव्हज यांवर त्यांच्या हातांची मेहनत आहे, जाहिरातीत मात्र त्यांची नावे नसतात. तेव्हा छापील नावापेक्षा शिवण पाहावी. चांगली शिवण चांगल्या हाताची असते, आणि ती डोळ्यांना दिसते.

बॅगही तपासा

ग्लोव्हज चांगले आणि बॅग दगडासारखी, तर उपयोग काय? वस्तीत बॅग घरी भरायची असेल तर तिच्यात नुसती वाळू भरू नये. वाळू खाली बसते आणि तळ विटेसारखा कडक होतो. जुन्या कपड्यांच्या चिंध्या थोड्या थोड्या टाकून, दांड्याने ठोकून सारख्या भराव्यात. बटणे, हूक, चेन आधी कापून टाकाव्यात. बॅगचे वजन मारणाऱ्याच्या वजनाच्या साधारण निम्मे धरतात. ६० किलोच्या मुलाला ३० किलोची बॅग पुरे. टांगायची ती मजबूत लोखंडी आडव्यावर. कुजक्या वाशावर टांगून डोक्यावर संकट घेऊ नये.

सुरुवातीला दोन दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, मध्ये एक मिनिट विश्रांती, आणि जोर निम्माच. मनगट सरळ, कोपरापासून मुठीपर्यंत एक रेषा. ठोक्याचा आवाज मोठा यावा म्हणून हाणू नये. मनगटात कळ आली किंवा उंचवटा सुजला, तर त्या दिवशी थांबावे. सूज उतरली नाही, तर मालिश करत बसू नये. दवाखान्यात जाऊन फोटो काढावा. आमच्या भाच्याचे पहिले दोन दिवस तेल चोळण्यात गेले, हेही कबूल केले पाहिजे.

बॅगवर वापरून भराव बसलेले ग्लोव्हज घालून एकमेकांशी लढू नये, हे तर मुलांना बजावूनच सांगावे. दोघांच्या सरावाला वेगळे, सहसा १६ औंसांचे ग्लोव्हज, डोक्याचे टोप, दातांचे कवच आणि समोर प्रशिक्षक हवा. ग्लोव्हमुळे मूठ वाचते. डोक्याच्या आत मेंदूला बसणारा हादरा त्याने टळत नाही.

मुलींसाठी दोन शब्द

ऑलिम्पिकमध्ये महिलांचे बॉक्सिंग सुरू झाले ते २०१२ च्या लंडन स्पर्धेपासून, आणि त्याच वर्षी मणिपूरच्या शेतकरी घरातल्या मेरी कोमने कांस्यपदक आणले. तिथे गेली तेव्हा ती जुळ्या मुलांची आई होती. आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये पोलंडमध्ये युवा जागतिक स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. तेव्हा मुलगी बॉक्सिंग शिकू म्हणाली, तर "नाक-डोळे फुटतील, लग्न कसे होईल" हे पालुपद लावण्याआधी तिला बॅगपाशी उभी राहू द्यावी. बॅग उलटून मारत नाही.

मुलींचा हात बहुधा अरुंद असतो. पुरुषांच्या मापाच्या ग्लोव्हमध्ये तो आत सरकतो आणि मनगट मुरगळते. म्हणून अरुंद हाताचा ग्लोव्ह मागावा. मिळाला नाही तर पट्टीचे दोन वेढे जास्त द्यावेत. अंगठी आणि बांगड्या काढून ठेवाव्यात, नखे कापलेली असावीत.

घामाची काळजी

सराव संपला की ग्लोव्हज पिशवीत कोंबून ठेवू नयेत. आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावेत, तोंड उघडे ठेवून वाऱ्यावर सुकवावेत. आत वर्तमानपत्राचे बोळे घातले तर ओल शोषली जाते. कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नयेत, रेक्झिन तडकते. पाण्यात तर कधीच बुडवू नयेत. पट्ट्या मात्र दर खेपेस साबणाने धुवाव्यात. पावसाळ्यात ओल्या पट्ट्या आणि एकमेकांचे घामट ग्लोव्हज यांमुळे गजकर्ण पसरते आणि ते घरभर फिरते. जुने ग्लोव्हज कोणी देत असेल, तर आधी वास घ्यावा आणि मग अंगठ्याने भराव दाबून पाहावा. भराव बसलेला असेल तर फुकटही घेऊ नये.

भाच्याचा हात आता बरा आहे. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तो पुन्हा शेडमध्ये गेला. या वेळी आमच्याकडून पैसे घेतले नाहीत. दोन महिने साठवून त्याने १४ औंसांचे काळे ग्लोव्हज आणले आणि घेण्याआधी दुकानातल्या काट्यावर वजन करायला लावले. बहिणीच्या दोरीवर आता त्याच्या दोन लांब पट्ट्या वाळत असतात. ज्या दिवशी त्या दोरीवर दिसत नाहीत, त्या दिवशी ती विचारते, "बांधल्या होत्या ना रे?"

प्रत्येक घरात विचारावा असा हा प्रश्न आहे. मुलांना खेळू द्या, घाम गाळू द्या, ठोसा मारायला शिकू द्या. पण आधी त्यांचा हात आपल्या हातात घेऊन पट्टी नीट बांधली आहे ना, एवढे पाहा.